बाण इकडे, वेल्ड कुठे? वेल्डिंगच्या खुणांची पार्श्वभूमी

हिंगणा एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये मी नुकता ड्रॉइंग वाचायला लागलो होतो, तेव्हाची गोष्ट. कोळशाच्या हॉपरचं, म्हणजे खाली निमुळत्या होत जाणाऱ्या मोठ्या पेटीचं काम होतं. आतून लायनर प्लेट, म्हणजे झीज सोसणारं अस्तर बसायचं, म्हणून वेल्ड बाहेरून हवं होतं. आमच्या माणसानं ते आतून मारलं आणि लायनर काही टेकेना. "काऊन बे, आतून कायले मारलं?" सुपरवायझर खेकसले. वेल्डरदादांनी शांतपणे ड्रॉइंगवर बोट ठेवलं, सांध्याकडे जाणाऱ्या बाणाच्या आडव्या रेघेवर. "चिन्ह रेघेच्या वर हाय ना साहेब. वर म्हणजे पलीकडून." एका हिशेबानं ते बरोबरच होते. मूळ शीटवर सलग रेघेखाली एक बारीक तुटक रेघ होती. झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये ती उडून गेली होती. त्या रात्री ग्राइंडर थांबला नाही.

ती तुटक रेघ आली कुठून, हे समजायला वेल्डिंगच्या आधीच्या, रिव्हेटनं प्लेटा जोडायच्या जमान्यात जावं लागतं. रिव्हेट आरपार जातो, त्यामुळे कुठल्या बाजूनं मारायचा याची फारशी वाच्यता करावी लागत नसे. भोकाची जागा आणि व्यास दिला की भागायचं. १८८० च्या दशकात रशियात बेनार्डोस यांनी कार्बनच्या कांडीनं आर्क वेल्डिंग केलं, स्लाव्यानोव यांनी कार्बनऐवजी धातूचीच कांडी वापरली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वीडनमध्ये केलबर्ग यांनी कांडीवर लेप चढवला आणि आज आपण 'रॉड' म्हणतो तो तयार झाला. १९२० साली इंग्लंडमध्ये 'फुलागर' हे रिव्हेटऐवजी सगळं वेल्ड केलेलं जहाज पाण्यात उतरलं. काम एवढं वाढल्यावर प्रत्येक सांध्यापाशी वाक्यं लिहीत बसणं ड्राफ्ट्समनला परवडणारं नव्हतं. खुणा हव्या होत्या.

अमेरिकन वेल्डिंग सोसायटी १९१९ ची. तिकडच्या ड्रॉइंगांवर पूर्वी 'जवळची बाजू' आणि 'लांबची बाजू' असे शब्द चालत. ऐकायला सोपे, पण सांधा छेदात दाखवला की दोन्ही बाजू बघणाऱ्यापासून सारख्याच अंतरावर. मग जवळची कुठली न लांबची कुठली? शेवटी तोड निघाली ती अशी, की बघणाऱ्याला सोडा, सांध्यालाच धरा. बाण ज्या बाजूला टेकतो ती बाणाची बाजू, उरलेली दुसरी. चिन्ह रेघेखाली असेल तर बाणाच्या बाजूनं, वर असेल तर दुसऱ्या बाजूनं. मला विचाराल तर या विषयातली खरी हुशारी इथेच आहे. बाकीचं पाठांतर.

युरोपचं वळण वेगळं पडलं. आयएसओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानक संस्था, तिच्या २५५३ या मानकात मुळात वर-खालीला महत्त्व नव्हतं. एक सलग रेघ, तिला समांतर एक तुटक. चिन्ह सलग रेघेवर असेल तर बाणाची बाजू, तुटक रेघेवर असेल तर दुसरी. तुटक रेघ वर काढा नाहीतर खाली, अर्थ तोच. आपल्याकडचं आयएस ८१३ हे मानक १९६१ चं. १९८६ च्या सुधारित आवृत्तीत आपणही या तुटक रेघेच्या पंगतीला बसलो. २०१३ साली आयएसओनं हात टेकले म्हणा किंवा शहाणपण केलं म्हणा, एकाच मानकात दोन्ही पद्धती घेतल्या. 'ए' म्हणजे तुटक रेघवाली, 'बी' म्हणजे अमेरिकन वळणाची. फक्त एका ड्रॉइंगवर दोन्ही मिसळायच्या नाहीत.

बाजूचा घोळ निदान डोळ्यांना दिसतो. आकड्यांचा दिसत नाही. फिलेट म्हणजे काटकोनात भिडलेल्या दोन प्लेटांच्या कोपऱ्यात भरलेलं त्रिकोणी वेल्ड. त्याच्या खुणेपुढे अमेरिकन ड्रॉइंगवर ६ लिहिलं तर ती लेगची, म्हणजे त्या त्रिकोणाच्या प्लेटला चिकटलेल्या बाजूची लांबी. युरोपीय ड्रॉइंगवर आकड्याआधी अक्षर असतं, 'झेड' म्हणजे लेग आणि 'ए' म्हणजे थ्रोट, कोपऱ्यापासून वेल्डच्या तिरक्या बाजूपर्यंतची जाडी. ६ चा थ्रोट हवा तर लेग साधारण साडेआठ एमएम घ्यावी लागते. वेल्डचा छेद १८ चौरस एमएमवरून ३६ वर जातो, म्हणजे धातू बरोबर दुप्पट. रॉडचा हिशेब मांडणाऱ्याला एवढा फरक पुरे आहे.

तुटक, म्हणजे मध्ये मोकळी जागा सोडत मारलेल्या वेल्डचंही तसंच. ५० आणि १०० असे दोन आकडे दिसले, तर अमेरिकन पद्धतीत १०० हे एका वेल्डच्या मध्यापासून पुढच्याच्या मध्यापर्यंतचं अंतर, म्हणजे मधली मोकळी जागा ५०. आयएसओच्या जुन्या पद्धतीत १०० कंसात येतो आणि तो मोकळ्या जागेचाच आकडा. कंस बघायचा राहिला की मीटरमागे पाऊण फुटापर्यंत नसली तरी सहा-साडेसहा इंच वेल्डिंगची तफावत पडते.

बाकी खुणा गुणी आहेत. बाण जिथे रेघेला मिळतो त्या कोपऱ्यावरचा गोल म्हणजे चहूबाजूंनी, झेंडा म्हणजे साइटवर. फिलेटच्या त्रिकोणी खुणेतली उभी रेघ नेहमी डावीकडे, मग प्रत्यक्षात प्लेट कुठेही असो. नवशिके तिथे हमखास अडखळतात, मीही अडखळलो.

हॉपरच्या त्या रात्रीनंतर झेरॉक्स आली की सुपरवायझर मूळ शीट शेजारी ठेवून लाल पेनानं तुटक रेघा पुन्हा ओढायचे. एकदा त्या भरात त्यांनी अमेरिकन ड्रॉइंगवरही ओढल्या. वेल्डरदादांनी ते पाहिलं आणि न बोलता व्हाइटनरची बाटली त्यांच्यापुढे सरकवली.