अमरवेल आणि कॅसिथा: दिसायला सख्ख्या, कुळाने परक्या

बोरीवर किंवा कुंपणाच्या ड्युरांटावर पिवळ्या शेवयांसारखा गुंता दिसला की आपण म्हणतो अमरवेल. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर वाळूतल्या झुडपांवर आणि मर्यादवेलीवर तसाच गुंता पसरलेला असतो, त्यालाही आपण अमरवेलच म्हणतो. तिथे मात्र ती बहुधा कॅसिथा असते. खरी अमरवेल, म्हणजे कस्कुटा, रताळ्याच्या कुळातली. कॅसिथा दालचिनी-तमालपत्राच्या कुळातली. पाने सोडून द्यायची, दुसऱ्या झाडाला विळखा घालायचा आणि त्याच्या खोडात शोषकमुळे घुसवायची, ही रीत दोघींनी स्वतंत्रपणे कमावली. मला तरी वनस्पतिसृष्टीतली ही फार विलक्षण गोष्ट वाटते. त्यात मर्यादवेलही रताळ्याच्याच कुळातली, म्हणजे किनाऱ्यावर कॅसिथा अमरवेलीच्या नातलगावर पोसली जाते!

अमरवेलीचे बी मातीत रुजते, पण अंकुराला पाने नसतात आणि मूळ नावापुरते असते. बियातली शिदोरी संपायच्या आत झाड मिळाले नाही तर तो मरतो. हा शोध आंधळा नसतो. २००६ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवले, की कस्कुटाच्या एका जातीचे अंकुर टोमॅटोच्या गंधाकडे वळतात. टोमॅटो आणि गहू दोन्ही जवळ ठेवले तर टोमॅटो निवडतात. एकदा पकड बसली की जमिनीकडचा भाग सुकून जातो. पुढे पाणीही यजमानाचे आणि साखरही त्याचीच.

कॅसिथाच्या खोडात हरितद्रव्य जास्त असते, म्हणून ती थोडेफार अन्न स्वतः बनवते. पाणी आणि क्षार मात्र ओरबाडतेच. रंग सहसा हिरवट. तरीही रंगावर विसंबू नका, कडक उन्हात तीही नारिंगी होते.

फुले पाहा. अमरवेलीची पांढरी, घंटेसारखी, पाच पाकळ्यांची. फळ म्हणजे सुकी बोंडी, आत सहसा दोन ते चार बिया. कॅसिथाची फुले इवलीशी, तीन-तीन भागांची. फळ गोल, गरदार, एकाच बीचे.

बागेतली अमरवेल नुसती ओढून काढू नका. उरलेला तुकडा पुन्हा वाढतो, म्हणून विळखा बसलेली फांदीच कापा आणि तेही बोंड्या धरण्याआधी. तिच्या बिया मातीत वर्षानुवर्षे तग धरतात. लसूणघासाचे बियाणे घेतानाही ते चाळून, अमरवेलीच्या बिया काढून स्वच्छ केलेले आहे ना, हे विचारून घ्या.