हत्ती दिसले तर १९०३, मुकुट दिसला तर १९११

दिल्लीची जुनी छायाचित्रे चाळताना एक ओळ वारंवार भेटते: 'दिल्ली दरबार', म्हणजे ब्रिटिश सम्राटपदाचा दिल्लीत भरलेला सोहळा. खाली वर्ष नाही. फोटोत शामियाना, गणवेशातले साहेब, रांगेने बसलेले संस्थानिक. हा दरबार कुठला? १८७७ चा पहिला दरबार बाजूला ठेवू, खरा गोंधळ होतो तो १९०३ आणि १९११ चा. दोन्ही उत्तर दिल्लीतल्या त्याच मैदानावर भरले. आज तिथे कॉरोनेशन पार्क आहे.

पहिली खूण मिरवणुकीची. २९ डिसेंबर १९०२ रोजी व्हाइसरॉय कर्झन हत्तीवर बसून शहरात शिरला. झुली घातलेल्या हत्तींची लांबच लांब रांग आणि मागे जामा मशीद असा फोटो दिसला, की तो १९०३ च्या दरबाराचा समजावा. १९११ साली पाचवा जॉर्ज घोड्यावरून आला, आणि गर्दीतल्या अनेकांना राजा कोणता हेच कळले नाही.

दुसरी खूण त्याहून पक्की. १ जानेवारी १९०३ च्या दरबाराला राजा आलाच नव्हता. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाचा सोहळा कर्झनने पार पाडला, राजाच्या वतीने त्याचा भाऊ ड्यूक ऑफ कॅनॉट हजर होता. त्यामुळे फोटोत राजघराण्यातला माणूस दिसला म्हणून तो राजा ठरत नाही. डोक्यावर मुकुट घातलेले राजा-राणी शेजारी बसलेले दिसले, तरच १२ डिसेंबर १९११. नावांनीही फसगत होते: कर्झनची पत्नी मेरी आणि जॉर्जची राणीही मेरी. फोटोखाली नुसते 'मेरी' असेल तर त्यावर भिस्त ठेवू नये.

लाल किल्ल्याच्या झरोक्यात बसून राजा-राणी लोकांना दर्शन देत आहेत, तो फोटोही १९११ चाच, दरबाराच्या दुसऱ्या दिवसाचा.

मराठी वाचकाने १९११ ची चित्रे जरा थांबून पाहावीत, ती सयाजीराव गायकवाडांसाठी. राजाला मानवंदना द्यायला ते आले तेव्हा अंगावर नेहमीचे अलंकार नव्हते, हातात साधी काठी होती. ते एकदाच लवले आणि पाठ फिरवून परतले. तोपर्यंत चलचित्राचा कॅमेरा मैदानात आला होता, त्यामुळे तो क्षण फिल्मवर उतरला. केवढा गहजब झाला! महाराजांना खुलाशाचे पत्र लिहावे लागले. दरबाराच्या शेकडो स्थिर छायाचित्रांत सगळे जागच्या जागी नटून बसलेले आहेत; चालत्या माणसाची पाठ टिपली ती फिल्मने. म्हणून अभिलेखागारात दरबाराचे अल्बम पाहिलेत तरी तेवढ्यावर थांबू नका, फिल्मही मागा.

या दोन तारखांतला फरक निव्वळ तपशिलाचा नाही. १९०३ चा दरबार संपला तेव्हा राजधानी कलकत्ताच होती. १९११ च्या दरबारात राजाने ती दिल्लीला हलवल्याचे जाहीर केले. तीनच दिवसांनी, १५ डिसेंबरला, नव्या राजधानीची कोनशिला दरबाराच्या छावणीजवळ बसवली गेली. पुढे जागा बदलून शहर रायसीना टेकडीवर उभे राहिले. म्हणजे १९०३ च्या फोटोखाली कुणी 'राजधानी दिल्ली' लिहिले असेल, तर ती ओळ चूक आहे.