सांदणला तुमचा दोर कोणाच्या हातात असतो?

बुकिंगचा फोन आला की पहिला प्रश्न पैशांचा, दुसरा वॉशरूमचा आणि तिसरा बिबट्याचा. सोबत येणारी माणसं कोण आहेत हे फारसं कोणी विचारतच नाही, म्हणून हे पत्रक.

आमचं काम छोटं, दोन गाड्या आणि पाच माणसं, आणि मेन ट्रेक सांदण दरीचा. रतनगडाच्या शेजारी, अकोले तालुक्यातल्या साम्रद गावातून घळीत शिरायचं, दोन्ही बाजूंना उभा कातळ, मधे धोंडेच धोंडे आणि गार पाणी, मग रॅपलिंग करत, म्हणजे दोरावरून कडा उतरत, खाली कोकणच्या अंगाला.

सगळ्यात पुढे चालतो तो साम्रदचाच गडी. त्याच्याकडे सर्टिफिकेट वगैरे काही नाही, आधीच सांगतो. लहानपणी गुरांमागे फिरला, आईबरोबर रानात हिरडा वेचला, त्यामुळे कुठला धोंडा पाय ठेवल्यावर हलणार हे त्याला लांबूनच कळतं. आम्ही चांगले ट्रेकिंगचे बूट घेऊन दिले होते, ते तो लग्नाकार्याला घालतो आणि दरीत प्लास्टिकची सँडल. कारवी साधारण सात वर्षांनी फुलते, ती फुलली की आम्हाला पहिला फोन त्याचा, तेव्हा एरवी चार शब्द बोलणारा माणूस अर्धा तास बोलतो. पावसात दरी बंदच असते, त्या दिवसात तो आवणीला शेतात, उगाच फोन करू नका.

दोर बघते ती आमची ताई. आधी बँकेत होती, कॉलेजात असताना मैत्रिणीबरोबर एकदा कातळ चढायला गेली आणि तिथेच नाद लागला. उत्तरकाशीच्या निममधून (नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंग, गिर्यारोहण शिकवणारी १९६५ सालची संस्था आहे) २८ दिवसांचा बेसिक कोर्स केला, त्यात ए ग्रेड आली तरच अ‍ॅडव्हान्सला घेतात, तोही केला. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ ला आलं, पण ताईचा कडकपणा त्याच्या आधीपासूनचा. प्रत्येकाच्या हार्नेसचा (कमरेला बांधतात तो साज) पट्टा स्वतः ओढून बघते, कॅराबिनरचा (दोर अडकवायची कडी) स्क्रू फिरवून बघते, आणि तुम्ही "केलंय मी" म्हणालात तरी परत बघते, चिडू नका. मागच्या सीझनला एका दोरावर वरून दगड पडला. बाहेरून काहीच दिसत नव्हतं, पण तिने हाताने चाचपत नेला, एका जागी आतून मऊ लागला, लगेच तिथेच सुरीने कापून तुकडे केले, म्हणजे चुकून कोणी वापरायला नको. दोर महाग असतो हो, मला वाईट वाटलं, पण गप्प बसलो. ते तुकडे आता टोपांची गोणी बांधायला आहेत.

या दोघांपैकी कोणीही "परत फिरायचं" म्हणालं की फिरायचं. एका ऑक्टोबरला रतनगडाच्या बाजूला ढग बघून गडी पाण्यापासूनच मागे वळला, अरुंद घळीत वरून लोंढा आला तर पळायला जागाच नसते. ग्रुप जाम वैतागला, आणि पाऊस काही आलाच नाही. आम्ही रॅपलिंगचे पैसे परत दिले. उद्या तसेच ढग दिसले तर उद्याही फिरणार, तेव्हा मला ऑफिसात फोन लावून काही उपयोग नाही, मी तिकडून काय बघणार.

बाकी तुमच्याकडून एवढंच. परफ्यूम, डिओ मारून येऊ नका, कड्यांवर आग्या मोहोळं असतात, आणि आरडाओरडाही नको. दमा, बीपी, गुडघा, काय असेल ते फॉर्मवर लिहा आणि वर ताईला तोंडीही सांगा, लाजू नका, उतरताना कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. जेवण गड्याच्या घरी, नागलीची भाकरी आणि पिठलं, त्याची आई चुलीवर करते. किती भाकरी लागतील ते आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत कळवा, ऐनवेळी "अजून चार" म्हटलं की म्हातारीला परत पीठ मळावं लागतं.