मांजरावरील पिसवांचे निर्मूलन

पाळीव मांजराच्या अंगावर आणि ते वावरते त्या घरात वाढलेल्या पिसवांचा नायनाट करण्याची प्रक्रिया. मांजराला आंघोळ घातली, औषध लावले की काम झाले असा सर्वसाधारण समज आहे. पण अंगावर दिसणाऱ्या पिसवा हा एकूण प्रादुर्भावाचा अगदी लहान भाग असतो. अंडी, अळ्या आणि कोष मांजरावर राहत नाहीत; ते गाद्यांत, सोफ्याच्या खाचांत, सतरंजीखाली आणि फरशीच्या सांध्यांत असतात. त्यामुळे औषध मांजराला लावायचे असले तरी काम घराचे असते, आणि ते साधारण तीन महिने चालते.

मांजरावर नेहमी आढळणाऱ्या पिसूचे शास्त्रीय नाव टेनोसेफॅलायडीस फेलिस. ‘फेलिस’ म्हणजे मांजर असले तरी जगात बहुतेक ठिकाणी कुत्र्यांवरही हीच पिसू सापडते. भारतात तिची सख्खी नातलग टेनोसेफॅलायडीस ओरिएंटिस कुत्र्यांवर व शेळ्यामेंढ्यांवर बरीच दिसते. पिसू तांबूस तपकिरी, एक ते तीन मिलिमीटर लांबीची, बिनपंखी आणि दोन्ही बाजूंनी चपटी असते. या चपटेपणामुळे ती केसांच्या मुळाशी सहज पळते आणि चिमटीत सापडली तरी निसटते. गोचीड त्वचेला चिकटून फुगते व जागची हलत नाही, तर पिसू केस बाजूला करताच पसार होते. दोहोंची औषधे नेहमीच एक नसतात, म्हणून आधी हा फरक पाहून घ्यावा.

जीवनक्रम

मादी मांजराच्या अंगावर आली की काही मिनिटांतच रक्त पिऊ लागते आणि एक-दोन दिवसांत अंडी घालते. ऐन बहरात ती दिवसाला ४० ते ५० अंडी देते. अंडी पांढरी, गुळगुळीत, अर्धा मिलिमीटर लांबीची असतात. ती केसांना चिकटत नाहीत, घरंगळून खाली पडतात. मांजर सर्वांत जास्त वेळ जिथे झोपते तिथे ती सर्वांत जास्त साचतात. मादी रोज आपल्या वजनाच्या सुमारे पंधरा पट रक्त पिते. त्यातले बरेचसे न पचता विष्ठेतून बाहेर पडते, वाळते आणि अंड्यांच्या मागोमाग खाली जाते. अंड्यातून निघालेल्या अळ्यांचे मुख्य अन्न हेच वाळके रक्त.

अळीला पाय नसतात आणि उजेड सोसत नाही. ती गालिच्याच्या तळाशी, गादीच्या शिवणीत, फटीत शिरते. हवेतील आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली गेली की ती सुकून मरते. म्हणून विदर्भातला कोरडा उन्हाळा तिला मानवत नाही. मुंबई, कोकण आणि गोव्यातला पावसाळा मात्र तिच्या सोयीचा असतो. उबदार, दमट हवेत अंड्यापासून पूर्ण पिसूपर्यंतचा प्रवास तीन-चार आठवड्यांत पुरा होतो.

निर्मूलनाला सर्वांत जास्त त्रास देते ती कोषावस्था. अळी रेशमी, चिकट कोष विणते आणि त्याला घरातली धूळ, केस, तंतू चिकटतात. त्यामुळे कोष डोळ्यांना दिसत नाही, झाडूने सहसा निघत नाही आणि फवारलेले कीटकनाशक आत पोचत नाही. आत तयार झालेली पिसू महिनोन्महिने थांबू शकते. जवळ सावज आल्याची खूण मिळाली, म्हणजे ऊब, दाब, हालचाल किंवा श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला, की ती क्षणात बाहेर पडते. मे महिन्याच्या सुट्टीत मांजराला कुणाकडे ठेवून घर बंद करून गावी गेलेले कुटुंब जूनमध्ये कुलूप उघडते, आणि चपला काढेपर्यंत घोट्यांवर पिसवा चढलेल्या असतात, त्याचे कारण हेच. ‘घरात मांजर नव्हते, मग पिसवा आल्या कुठून?’ असे ते विचारतात. त्या आधीपासून तिथेच होत्या.

लक्षणे व निदान

मांजर सतत खाजवते, पाठीचा मागचा भाग चाटून चाटून केस काढते, मानेवर व डोक्यावर बाजरीच्या दाण्याएवढ्या खपल्या धरतात. पिसूच्या लाळेची ॲलर्जी असलेल्या मांजराला मोजक्या चाव्यांनीही हा त्रास होतो. अशा मांजरावर बहुधा एकही पिसू दिसत नाही, कारण खरखरीत जिभेने अंग चाटताना ते पिसवा गिळून टाकते. ‘पिसवा दिसतच नाहीत, म्हणजे त्वचेचा दुसरा काहीतरी रोग असेल’ हा मालकाचा निष्कर्ष पशुवैद्यांना रोज ऐकावा लागतो.

खात्री करण्याची पद्धत बिनखर्चाची आहे. उवा-लिखा काढायची बारीक दातांची फणी शेपटीच्या मुळाशी आणि मानेवर फिरवायची. दातांत अडकलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर टाकायचे. साधी धूळ काळीच राहते. पिसूची विष्ठा असेल तर कणाभोवती मिनिटाभरात तांबडे वर्तुळ उमटते, कारण ते मांजराचेच रक्त असते. फणीत पिसू सापडली तर ती नखाने चिरडत न बसता साबणाच्या पाण्यात टाकावी. साध्या पाण्यावर ती तरंगते आणि उडी मारून निघून जाते.

रोगप्रसार

पिसू म्हटले की आपल्याकडे प्लेग आठवतो, आणि ते स्वाभाविक आहे. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग उद्भवला. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून उंदरांवरील पिसवा हा रोग पसरवतात असे दाखवले. पण तो मुख्यतः उंदरावरील पिसूचा, झेनोप्सिला केऑपिसचा, प्रताप होता. मांजरावरील पिसू प्लेगची फारशी कार्यक्षम वाहक नाही. तिचे उपद्रव वेगळे आहेत. बार्टोनेला हेन्सेली हा जीवाणू तिच्यामुळे एका मांजराकडून दुसऱ्याकडे जातो. तिची विष्ठा नखांत अडकलेल्या मांजराने ओरबाडले तर माणसाला ताप येऊन काखेत किंवा मानेत गाठ येऊ शकते. दुसरा उपद्रव पट्टकृमीचा. कृमीची अंडी पिसूच्या अळीच्या पोटात जातात आणि मोठी झालेली पिसू मांजराने गिळली की कृमी त्याच्या आतड्यात वाढतो. गुदद्वाराजवळच्या केसांना भाताच्या शितासारखे तुकडे चिकटलेले दिसले तर तोच समजावा. त्यावर प्रॅझिक्वांटेल हे औषध चांगले लागू पडते, पण पिसवा राहिल्या तर काही आठवड्यांत कृमी पुन्हा होतो. अगदी लहान पिलांना धोका रक्तक्षयाचा असतो. हिरड्या पांढुरक्या पडलेले, मलूल पिल्लू त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.

मांजरावरील औषधे

आज सर्वाधिक वापर मानेवर लावायच्या थेंबांचा होतो. फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड, सेलामेक्टिन आणि फ्ल्युरालेनर ही त्यांतली प्रचलित द्रव्ये. डोक्याच्या मागे, मानेच्या वरच्या टोकाला केस फाकवून थेंब थेट त्वचेवर सोडायचे. ही जागा मांजराच्या जिभेला पोचत नाही. केसांवर ओतलेले औषध वाया जाते. मात्रा वजनावर ठरते. फ्ल्युरालेनरच्या गटातली औषधे आकडी येणाऱ्या मांजराला देण्यापूर्वी पशुवैद्याला तसे सांगणे आवश्यक आहे. नायटेनपायरामची गोळी अर्ध्या तासात पिसवा मारू लागते, पण तिचा असर एक-दोन दिवसांत ओसरतो. आठ आठवड्यांखालील पिलांना बहुतेक थेंब चालत नाहीत. तिथे रोजची फणी आणि स्वच्छ अंथरूण हाच मुख्य उपाय.

कुत्र्यासाठीच्या अनेक थेंबांत व पावडरींत पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असते. कुत्र्याला ते सोसते, मांजराचे यकृत मात्र त्याचा निचरा पुरेशा वेगाने करू शकत नाही. काही तासांत थरथर, लाळ, झटके आणि ताप सुरू होतो, आणि उपचार न मिळाल्यास मांजर दगावते. ‘कुत्र्याच्या डोसातला निम्मा लावला’ हा बचाव इथे निरुपयोगी आहे. जनावरांच्या गोचिडांसाठी शेतकऱ्यांच्या घरी असणारी डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन किंवा अमिट्राझची द्रावणेही मांजरासाठी वर्ज्य समजावीत. असे काही लागलेच तर कोमट पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडने ते धुऊन काढावे, मांजराला टॉवेलात गुंडाळून लगेच दवाखाना गाठावा. दूध पाजल्याने विष उतरत नाही.

घरगुती उपायांबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. मांजर अंगाला लागलेले सगळे चाटून पोटात घालते, त्यामुळे माणसाला निरुपद्रवी वाटणारी वस्तूही त्याला बाधते. रॉकेल, कापूर, डांबरगोळ्या, टी ट्री तेल यांना मांजराच्या जवळपासही थारा नको. लसूण खाऊ घातल्याने पिसवा जात नाहीत, मांजराच्या तांबड्या रक्तपेशी मात्र फुटतात. फिनेलने फरशी पुसण्याची सवय मांजर असलेल्या घरात सोडलेली बरी, कारण त्यातील फिनॉल वर्गातले पदार्थ त्याला सहन होत नाहीत. कडुनिंबाचे तेल ‘नैसर्गिक’ म्हणून चोपडले जाते. ते चाटून मांजर लाळ गाळते आणि पिसवांवर भरवशाचा परिणाम होत नाही. साध्या आंघोळीने त्या क्षणी अंगावर असलेल्या बऱ्याच पिसवा निघतात, पण कोषांतून निघालेल्या नव्या पिसवा संध्याकाळपर्यंत अंगावर येतात.

घरातील उपाय

मांजराच्या आवडत्या जागा आधी शोधाव्यात. सोफा सगळ्यांना सुचतो. गाद्यांची चळत, कपाटाचा तळ, माळ्यावरची गाठोडी, शहाबादी फरशीच्या मोकळ्या भेगा मात्र राहून जातात. अंथरुणे ६० अंश सेल्सियसच्या पाण्यात धुवावीत. तेवढे गरम पाणी नसेल तर धुऊन कडक उन्हात वाळवावीत. गोधड्या आणि गाद्यांनाही ऊन द्यावे. ऊन आणि कोरडेपणा अळीला सोसत नाही. व्हॅक्यूम क्लीनर असल्यास रोज फिरवावा. त्याच्या कंपनाने कोषांतील पिसवा जाग्या होऊन बाहेर पडतात हा त्याचा आणखी एक फायदा. जमलेला कचरा पिशवीत बांधून लगेच घराबाहेर टाकावा.

पेस्ट कंट्रोल करायचे असल्यास मेथोप्रीन किंवा पायरीप्रॉक्सिफेन यांसारखे वाढरोधक द्रव्य वापरायला सांगावे. ते अंडी व अळ्यांची वाढ थांबवते. केवळ प्रौढ पिसवा मारणाऱ्या फवाऱ्याने दोन दिवस बरे वाटते, इतकेच. फवारलेली जागा पूर्ण सुकेपर्यंत मांजर दुसरीकडे ठेवावे आणि मत्स्यटाकी झाकून तिचा पंप बंद करावा. रात्री दिव्याखाली साबणाच्या पाण्याचे ताट ठेवण्याची जुनी युक्ती घर साफ करत नाही, पण ताटात रोज किती पिसवा पडतात यावरून प्रादुर्भाव उतरतो आहे की नाही हे कळते.

घरातल्या प्रत्येक कुत्र्या-मांजरावर एकाच वेळी उपचार व्हायला हवा. एक जरी सुटले तरी अंड्यांचा पुरवठा चालू राहतो. कधीही बाहेर न जाणाऱ्या मांजरालाही जिन्यातल्या भटक्या मांजरांमुळे पिसवा लागतात, म्हणून सोसायटीत खाऊ घातल्या जाणाऱ्या मांजरांचाही विचार करावा लागतो.

उपचार सुरू केल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पिसवा वाढल्यासारख्या वाटतात आणि ‘औषध बोगस निघाले’ म्हणून लोक ते सोडतात. त्या जुन्या कोषांतून निघणाऱ्या पिसवा असतात. औषध लावलेल्या मांजरावर चढून त्या मरतात, आणि कोषांचा साठा संपवण्याचा तोच मार्ग आहे. म्हणून थेंबांची एकही मात्रा न चुकवता निदान तीन महिने क्रम चालू ठेवतात. त्यानंतर सलग काही आठवडे फणीत काळे कण आले नाहीत तर घर पिसूमुक्त मानता येते. किनारपट्टीच्या दमट भागात मात्र पशुवैद्य वर्षभर औषध चालू ठेवायला सांगतात.