एफयूडीआर प्लेट मागवण्यापूर्वी: आयुर्मानाच्या प्रयोगात पिल्ले कशी रोखावीत

सी. एलिगन्स हा जेमतेम एक मिलिमीटरचा सूत्रकृमी २० अंश सेल्सियसला साधारण तीन दिवसांत वयात येतो आणि दोन-तीन आठवडे जगतो. वार्धक्य अभ्यासायला याहून सोयीचा प्राणी मिळणे कठीण. पण एकेक उभयलिंगी कृमी तरुणपणीच तीनशेच्या आसपास पिल्ले देतो. ती वाढली की मूळचे कृमी कोणते आणि त्यांची पोरे कोणती हे कळेनासे होते, शिवाय प्लेटवरचे खाद्यही संपते. म्हणूनच आमच्याकडे सर्वाधिक मागणी एफयूडीआर (पिल्ले होऊ न देणारे औषध, फ्लॉक्झ्युरिडिन) घातलेल्या एनजीएम (कृमी वाढवण्याचे नेहमीचे आगर माध्यम) प्लेटना असते.

हे औषध थायमिडायलेट सिंथेस या एन्झाइमला अडवते आणि नवा डीएनए बनणे थांबते. प्रौढ कृमीच्या शरीरपेशी विभागत नाहीत, विभागतात फक्त जननपेशी. त्यामुळे फटका मुख्यतः पुढच्या पिढीला बसतो. अंडी पडतात, पण त्यांतून अळ्या निघत नाहीत. वेळ मात्र सांभाळा. एल४ अवस्थेच्या (प्रौढ होण्यापूर्वीच्या शेवटच्या अळी-अवस्थेच्या) शेवटी किंवा प्रौढपणाच्या पहिल्या दिवशी कृमी या प्लेटवर न्या. त्याआधी नेल्यास जननांगांची वाढच बिघडते.

आमच्या नेहमीच्या प्लेटमध्ये ५० मायक्रोमोलर औषध असते. जुन्या पद्धतींत ४०० मायक्रोमोलरपर्यंत वापर दिसतो; खास कारण नसेल तर तिकडे जाऊ नका. औषधाने कृमींचे खाद्य असलेल्या ई. कोलाय जिवाणूची वाढही मंदावते, म्हणून ओपी५० (त्याचा नेहमी वापरला जाणारा स्ट्रेन) वेगळे वाढवून, घट्ट करून पसरा. पातळ थर दिलात तर कृमी उपाशी राहतील, आणि उपासमारीने आयुर्मान बदलते हे वेगळे सांगायला नको.

हे औषध आम्हीच विकतो, तरी स्पष्ट सांगतो: ते निरुपद्रवी नाही. ट्यूब-१ आणि गॅस-१ या उत्परिवर्तित स्ट्रेनचे (जनुकात बदल असलेल्या वाणांचे) आयुष्य त्याने वाढल्याचे २०१० आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. जिवाणूही या औषधावर प्रक्रिया करतात, त्यामुळे दुसरे एखादे औषध तपासत असाल तर परिणाम नेमका कोणाचा हा गोंधळ होऊ शकतो. मुख्य निष्कर्ष एफयूडीआरशिवाय एकदा तरी पडताळा. त्यासाठी अंडी घालण्याच्या काळात कृमी रोज नव्या प्लेटवर उचलून ठेवावे लागतात. काम कंटाळवाणे आहे, पण विश्वासार्ह.

तापमानाने वंध्य होणारे स्ट्रेन हा तिसरा मार्ग. एसपीई-९ मध्ये शुक्रपेशी बनतात, पण २५ अंशांना फलन होत नाही. जीएलपी-१ मध्ये जननपेशीच जवळजवळ उरत नाहीत, आणि जननपेशी नसलेला कृमी अधिक जगतो. त्याला साधा नियंत्रण-गट समजू नका. शिवाय २५ अंशांना सगळेच कृमी लवकर म्हातारे होतात, तेव्हा तुलना त्याच तापमानातल्या गटाशी करा. आपल्याकडे मे महिन्यात वीज गेली की इन्क्युबेटर पार २७ अंशांपुढे जातो आणि साध्या एन२ (उत्परिवर्तन नसलेल्या प्रमाण) स्ट्रेनचीही प्रजननक्षमता घसरते. तापमानाची नोंद ठेवणारे यंत्र आत जरूर ठेवा.

अंडी फलित होत असतील तिथे, विशेषतः औषधाविना प्लेटवर, काही उभयलिंगी कृमींच्या पोटातच अंडी फुटून ते कृमी मरू शकतात. असे कृमी ‘सेन्सर्ड’ (वार्धक्याने मरण्याआधीच मोजणीतून बाहेर पडलेले) म्हणून नोंदवा. वार्धक्याने मेलेल्यांत मोजू नका.

एफयूडीआर मूळचे कर्करोगावरचे औषध आहे. हातमोजे घाला, गरोदर सहकाऱ्यांना हे काम देऊ नका, वापरलेल्या प्लेट सायटोटॉक्सिक (पेशींना विषारी) कचऱ्यातच टाका. मागणी नोंदवताना स्ट्रेन, तापमान आणि सोबत दुसरे काही तपासणार असाल तर तेही लिहा. त्यानुसार औषधाविना प्लेटही सोबत पाठवू.