दुसरं ग्राफिक्स कार्ड जोडायचं, की आहे ते काढून एकच मोठं घालायचं?

मशीनला दोन-तीन वर्षं झाली की बहुतेकांचा एकच प्रश्न येतो. "बोर्डावर अजून एक लांब स्लॉट रिकामा आहे, त्यात दुसरं कार्ड टाकलं तर?" विचारण्यात गैर काहीच नाही. घोळ होतो तो कार्ड आधी विकत घेऊन मग विचारल्यावर. म्हणून आमच्या दुकानाचं हे पत्रक. ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस, बोर्ड म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून लिहिलंय.

गेमिंगपुरतं विचारत असाल तर उत्तर सरळ आहे: दुसरं कार्ड घेऊ नका. दोन कार्डं जोडण्याची पद्धत एकेकाळी खरोखर चालायची. १९९८ साली व्हूडू २ ही कार्डं जोडीने लावता यायची. २००४ मध्ये एनव्हीडियाने एसएलआय आणलं, पुढच्या वर्षी एटीआयचं क्रॉसफायर आलं. पण त्याला गेमची आणि ड्रायव्हरची साथ लागते, आणि ती संपली. २०२१ च्या १ जानेवारीपासून एनव्हीडियाने एसएलआयचे नवे ड्रायव्हर प्रोफाइल (गेमनुसार लागणारी सेटिंग) देणं थांबवलं. एनव्हीडियाच्या आरटीएक्स ३०६० किंवा ४०६० वर ब्रिज, म्हणजे दोन कार्डं सांधणारी पट्टी, लावायची जागाच नसते. ३० मालिकेत ती सोय फक्त ३०९० आणि ३०९० टीआयला होती आणि ४० मालिकेत ती कुणालाच नाही. जीटीएक्स १०६० वाल्यांनाही हेच सांगावं लागतं. त्या कार्डाला एसएलआय पहिल्यापासूनच नव्हतं. यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ बघून येणाऱ्यांनी व्हिडिओची तारीख बघावी.

शिवाय मेमरीची बेरीज होत नाही. ८ जीबीची दोन कार्डं लावली की गेमला १६ जीबी मिळते असं पुष्कळांना वाटतं. दोन्ही कार्डांना तोच देखावा आपापल्या मेमरीत ठेवावा लागतो, म्हणून हिशेब ८ चाच राहतो.

आता कामाची मशीन. इथे मात्र सरसकट नाही म्हणता येत नाही. सॉफ्टवेअर कोणतं, यावर सगळं ठरतं. ब्लेंडरच्या सायकल्समध्ये किंवा व्ही-रे जीपीयूमध्ये, म्हणजे थ्रीडी चित्रं तयार (रेंडर) करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, दोन कार्डं खरोखर वाटून काम करतात. सारखी दोन असतील तर रेंडरचा वेळ जवळपास निम्मा होतो. पण तिथेही सीन एका कार्डाच्या मेमरीत मावला पाहिजे. आर्किटेक्चरच्या मुलांनी नीट ऐका: ल्युमियन (इमारतींची थ्रीडी चित्रं करणारं सॉफ्टवेअर) एकच कार्ड वापरतं. दुसरं कार्ड नुसतं बसून राहील आणि लाइटबिल वाढवील. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांना प्रीमियर प्रोमध्ये दुसऱ्या कार्डाने जेमतेम फरक पडतो. डाविंची रिझॉल्व्ह विंडोजवर एकाहून जास्त कार्डं वापरतं, पण पैसे मोजून घेतलेली स्टुडिओ आवृत्ती असेल तरच. फुकटची असेल तर आधी तिचा विचार करा, कार्डाचा नंतर.

हल्ली घरच्या मशीनवर एआय मॉडेल चालवणारेही येतात. त्यांचा हिशेब उलटा आहे. मॉडेलचे थर दोन कार्डांत वाटता येतात, त्यामुळे १२ जीबीच्या दोन ३०६० मध्ये एकात न मावणारं मॉडेल मावतं. वेग दुप्पट होत नाही, पण मॉडेल निदान सुरू तरी होतं. अशांना आम्ही स्वतःच दुसरं कार्ड सुचवतो.

शेअर बाजारवाल्यांचंही तसंच. साध्या एनव्हीडिया कार्डावर जास्तीत जास्त चार मॉनिटर चालतात. सहा हवे असतील तर दुसरं कार्ड रास्त, आणि त्याला ताकद लागत नाही. पण आधी प्रोसेसर बघू. इंटेलच्या नावापुढे एफ नसेल, तर बहुधा त्यात अंगचं ग्राफिक्स असतं, ते बायोसमधून (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमधून) सुरू केलं की बोर्डावरच्या पोर्टांना मॉनिटर जोडता येतात. काम फुकटात होतं आणि आमची विक्री होत नाही, पण तुम्ही पुढच्या वेळी आमच्याकडेच येता. स्वस्त म्हणून जीटी ७१० उचलू नका. एनव्हीडियाने त्या पिढीसाठी नवे ड्रायव्हर २०२१ मध्येच थांबवले, आणि नव्या आरटीएक्सबरोबर एकाच मशीनमध्ये त्याचं जमत नाही.

आधी फोटो पाठवा, मग कार्ड घ्या

आमचा सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रकार हा. शनिवारी संध्याकाळी कुणीतरी जुनं कार्ड पिशवीत घेऊन येतं. "घेतलंय, फक्त बसवून द्या." मशीन सोबत असेल तर नशीब, पुष्कळदा तीही घरीच असते. मग बोर्डाचं मॉडेल आठवत नाही, एसएमपीएस किती वॉटचा ते "चांगला आहे" एवढंच कळतं. उघडून बघितल्यावर एकेक गोष्ट पुढे येते.

पहिली, तो रिकामा लांब स्लॉट. लांबी सोळा लेनची (लेन म्हणजे डेटाची वाट) असली तरी आत तारा बहुधा चारच लेनच्या असतात. बी ४५० आणि बी ५५० च्या बहुतेक बोर्डांवर दुसरा स्लॉट चिपसेटवरून चार लेन घेतो, काही बोर्डांवर एम डॉट टू एसएसडी लावली की तोही बंद होतो. रेंडरला हे चालून जातं, काही कामांना अडतं.

दुसरी, वीज. एका आरटीएक्स ३०६० ला १७० वॉट लागतात, दोघांना ३४०. प्रोसेसर, पंखे, डिस्क वेगळे. ५५० वॉटच्या साध्या एसएमपीएसवर ही ओढाताण आम्ही करत नाही. उलट एकट्या आरटीएक्स ४०७० ला २०० वॉट पुरतात, मेमरी तीच १२ जीबी, आणि गेममध्ये ते एका ३०६० च्या दीडपटीहून जास्त वेगाने चालतं. घरातला यूपीएसही मोजा: ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो. लाइट गेल्यावर यूपीएससकट मशीन बंद पडली की दोष कार्डावर येतो.

तिसरी, जागा. दोन जाड कार्डांमध्ये बोटभर फट राहिली तर वरचं कार्ड खालच्याची गरम हवा ओढतं. एप्रिल-मे मध्ये बंद खोलीत हे फार जाणवतं.

चौथी, कार्डाची पूर्वपीठिका. सप्टेंबर २०२२ मध्ये इथिरियम या डिजिटल चलनाचं मायनिंग (कार्डं सतत चालवून ते कमावणं) बंद झालं आणि राबलेली कार्डं बाजारात लोटली. मायनिंगचं प्रत्येक कार्ड वाईट नसतं, पण आरएक्स ५८० सारख्यांचं बायोस (कार्डातला मूळ प्रोग्राम) बदललेलं असू शकतं. पी१०६-१०० नावाचं कार्ड तर १०६० म्हणून खपवतात. त्याला मॉनिटर जोडायचं पोर्टच नसतं.

म्हणून घेण्याआधी आम्हाला व्हॉट्सअॅपवर तीन फोटो पाठवा: कॅबिनेटची बाजूची झडप काढून आतला सगळा भाग, एसएमपीएसवरचं लेबल, आणि बोर्डावर छापलेलं मॉडेलचं नाव. सोबत एक ओळ लिहा, काय काम करता आणि मॉनिटर कोणता आहे. १०८० पी मॉनिटरवाल्याला आम्ही महागडं कार्ड सुचवत नाही. प्रोसेसर फार जुना असेल तर तेही सांगू, कारण मग नवं कार्डही अडून बसतं. याचे पैसे नाहीत.

बाहेरून आणलेलं कार्ड बसवायचे मात्र पैसे घेतो, आणि ते काहींना खटकतं. बसवणं दहा मिनिटांचं काम आहे, मान्य. पण आम्ही जुना ड्रायव्हर पूर्ण काढून नवा टाकतो, कार्डावर लोड देऊन तापमान बघतो आणि मगच मशीन परत देतो. त्याचा वेळ लागतो. मोलेक्सवरून (डिस्कसाठीच्या जुन्या वीजजोडणीवरून) आठ पिनचा अॅडॉप्टर लावून कार्ड चालवा, असं कुणी म्हटलं तर आमचा नकार. मॉड्युलर (केबल सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसला दुसऱ्या कंपनीची केबल लावायलाही नकार. टोकाचा सॉकेट सारखा दिसतो, पण दुसऱ्या टोकाची पिनजोडणी वेगळी असते आणि कार्ड किंवा डिस्क जळते. कंपनीची वॉरंटी त्याला लागू होत नाही आणि आमची तर नाहीच.

मोठं एकच कार्ड आमच्याकडून घेतलंत तर जुनं आम्ही बदल्यात घेतो. भाव फोनवर सांगत नाही. कार्ड लावून, लोड देऊन बघितल्यावरच सांगतो. बिल आणि मूळ खोका असेल तर आणा, दोन्हींनी भाव वाढतो. लग्नसराईत रेंडरवाल्यांची गर्दी असते, तेव्हा मशीन सकाळी आणून ठेवलीत तर सहसा संध्याकाळपर्यंत मिळेल. शनिवारी संध्याकाळी मात्र नुसतं विचारायला या, बसवायला नको.