गुगल त्या क्षणी अख्खं इंटरनेट धुंडाळत नाही

लातूरच्या आडतीपासून पैठणच्या पारापर्यंत एक समज पक्का बसलाय: मोबाइलवर प्रश्न टाकला की गुगल त्याच क्षणी जगभरातल्या वेबसाइट पालथ्या घालून ताजं उत्तर आणतं. तसं होत नाही.

क्रॉलर नावाचे प्रोग्राम आधीच पानं वाचून त्यांची सूची करून ठेवतात. आपला शोध चालतो तो या सूचीत. बातम्यांच्या साइटवर क्रॉलर सारखे येतात, आडबाजूच्या पानावर कित्येक दिवस फिरकत नाहीत. त्यात ‘जायकवाडी आजचा पाणीसाठा’ शोधल्यावर वर आलेली बातमी मागच्या पावसाळ्यातलीही असू शकते. मथळ्यात ठळक ‘आज’, तारीख मात्र बारीक अक्षरात. नदीकाठच्या माणसाने आधी ती तारीखच बघावी.

एआय चॅटबॉटची गोष्ट वेगळी. त्याचं मूळ ज्ञान एका तारखेला थांबलेलं असतं. त्याने वेबवर शोधलंच नाही, तर सोयाबीनचा हमीभाव तो बेधडक ४,८९२ रुपये सांगू शकतो. तो २०२४-२५ चा. २०२५-२६ साठी ५,३२८ जाहीर झाला, म्हणजे क्विंटलमागे ४३६ रुपयांचा फरक! आणि शोधलं तरी तो सापडलेली पानंच वाचतो. पान शिळं तर उत्तरही शिळं. म्हणून त्याच्याकडे लिंक आणि तारीख मागाच.

राहिला मोंढ्यातला भाव. सौदा झाला, तरी बाजार समितीकडून आकडा भरला जाईपर्यंत बाजारभावाच्या सरकारी पोर्टलवर, म्हणजे अ‍ॅगमार्कनेटवर तो दिसत नाही. तोवर आडत्याला फोन करणंच बरं.